कित्ता किती दिवस गिरवायचा? नमुना निबंधांवरून पेटलेल्या वादाचं एक प्रकरण

ठाण्यात स्टेशनच्या जवळ एक अनुदानित मराठी शाळा आहे. चेंदणी कोळीवाडा, कोपरी, कळवा, विटावा इथली मुलं तिथे येतात. प्रथम सत्राचा निकाल लागल्यावर दहावीची पालकसभा भरली, तेव्हा एक आई उभी राहून म्हणाली, "ब तुकडीला निबंधांच्या झेरॉक्स मिळाल्या. मग आमच्या अ तुकडीच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" मागच्या बाकांवरून लगेच दुजोरा मिळाला. मुख्याध्यापिकांनी "बघते" म्हणून वेळ मारून नेली. पण हे एवढ्यावर मिटणारं नव्हतं, कारण त्यामागे मराठीच्या दोन शिक्षकांचं वर्षभर धुमसत असलेलं भांडण होतं.

ब तुकडीच्या बाई निवृत्तीला टेकलेल्या. दरवर्षी जूनमध्येच त्या नमुना निबंधांचा एक संच मुलांच्या हातात ठेवतात. काही निबंध गाईडमधले, काही जुन्या हुशार विद्यार्थ्यांचे, काही बाईंनी स्वतः लिहिलेले. मुलं त्याला 'बाईंचा गठ्ठा' म्हणतात. अ तुकडीचे सर तरुण आहेत, वाचणारे आहेत आणि त्यांनी हा गठ्ठा आपल्या वर्गात येऊ द्यायला साफ नकार दिला होता. "दुसऱ्याचा निबंध पाठ करून लिहिणाऱ्या मुलाला मी लिहायला शिकवलं, असं कुठल्या तोंडाने सांगू?" हे त्यांचं म्हणणं. बाईंचं म्हणणंही तितकंच रोखठोक: "सरांच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत भिंतीवरचं कॅलेंडर सोडलं तर मराठी छापील कागद नाही. चांगला निबंध कधी बघितलाच नाही, तर पोर लिहिणार कसं?"

मी भाषाशिक्षकांच्या कार्यशाळा घेते. दोघांनाही ओळखत होते, म्हणून मुख्याध्यापिकांनी दोन्ही तुकड्यांच्या उत्तरपत्रिका बघायला बोलावलं. "निकाल द्यायचा नाही, फक्त काय दिसतं ते सांगा," असं त्या म्हणाल्या. बाईंना आणि सरांना मात्र निकालच हवा होता. इथे कोणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आठ गुणांचा हिशेब

दहावीच्या कुमारभारतीची, म्हणजे प्रथम भाषा मराठीची, कृतिपत्रिका ८० गुणांची. त्यात उपयोजित लेखनाला २४ गुण, आणि त्यातही ज्याला आपण निबंध म्हणतो त्या प्रश्नाला ८. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतला एक प्रकार निवडायचा. प्रश्न पेपरच्या शेपटीला येतो. तोवर व्याकरण, पत्र, जाहिरात, बातमी करून हात दुखायला लागलेला असतो आणि घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं उरलेली असतात. अशा वेळी पंधरा वर्षांचं पोर स्वतःशी संवाद वगैरे करत बसत नाही. जे पाठ आहे ते ओतून मोकळं होतं. तपासणाराही माणूसच. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग असताना शुद्ध, परिच्छेद पाडलेला, सुविचाराने सुरू होऊन संदेशाने संपणारा निबंध दिसला की सहा गुण आपोआप पडतात.

या हिशेबामुळेच नमुन्यांचा बाजार भरतो. गाईड आहेत, क्लासच्या नोट्स आहेत, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ आहेत. आता तर मोबाइलला विषय सांगायचा अवकाश, निबंध तयार. सरांनी वर्गाचं दार बंद केलं तरी नमुने खिडकीतून येतच होते. अ तुकडीच्या उत्तरपत्रिका चाळताना हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं: ज्यांना क्लास परवडतो ती मुलं क्लासचे निबंध पाठ करून आली होती. कोरी राहिली ती क्लास न परवडणारी. सरांच्या तत्त्वाची किंमत कोण मोजत होतं, ते त्यांना उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून दाखवावं लागलं. त्यांना ते झोंबलं, पण त्यांनी ते मान्य केलं. इथे बाईंची बाजू मला निर्विवाद वाटते. शाळेने नमुने दिले नाहीत म्हणून मुलं नमुन्यांपासून वाचत नाहीत. फक्त कोणाला मिळतात आणि कोणाला नाही, हे आईबापाच्या खिशावर ठरतं.

गोड्या पाण्याची खाडी

प्रथम सत्राचा पेपर सरांनी काढला होता आणि त्यात त्यांनी मुद्दाम खोच मारली होती. आत्मकथनाचा विषय दिला: 'मी ठाण्याची खाडी बोलतेय.' बाईंच्या गठ्ठ्यात नदी होती, झाड होतं, फाटकं पुस्तक होतं, खाडी नव्हती. खाडी तर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. कळव्या-विटाव्याची मुलं रोज ती ओलांडून येतात. हिवाळ्यात तिच्यावर रोहित पक्षी उतरतात. २०१५मध्ये तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तेव्हा लिहायला माल कमी पडायचं काही कारण नव्हतं.

ब तुकडीतल्या एका उत्तरपत्रिकेतला उतारा जसाच्या तसा देते:

"मी ठाण्याची खाडी बोलतेय. उंच डोंगराच्या कुशीत माझा जन्म झाला. दगडधोंड्यांतून खळखळत, नाचत, बागडत मी खाली उतरले. माझे गोड पाणी पिऊन गुरेढोरे तृप्त होतात. माझ्या काठावर शेतकरी राजा सोने पिकवतो. अखेर मी माझ्या प्रियकराला, सागराला जाऊन मिळते."

अक्षर सुरेख, एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. 'नदी' खोडून 'खाडी' केल्याची खूण मात्र दोन ठिकाणी दिसते आणि चौथ्या परिच्छेदात बिचारी पुन्हा नदी होते. असे निबंध त्या तुकडीत एक-दोन नव्हते. खाडीला डोंगरात उगम फुटला होता, तिचं पाणी गोड झालं होतं आणि नाकात बसणाऱ्या वासाचा कुठे उल्लेख नव्हता. बाईंनी त्या निबंधाला ८ पैकी ५ दिले होते. "भाषा चांगली आहे," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या.

हा निबंध लिहिणारा मुलगा चेंदणी कोळीवाड्यातला. त्याच्या आजोबांची होडी होती. मी त्याला विचारलं, खाडीचं पाणी कसं असतं रे? तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "मॅडम, खारट असतं ते म्हायतेय ना. पण निबंधात गोडच असतं."

या एका उत्तरात सरांच्या तक्रारीचं सगळं सार आलं. मुलाचं अज्ञान हा इथे प्रश्नच नाही. निवट्या (चिखलातले छोटे मासे) कुठे मिळतात, चिंबोरी कशी धरायची, ओहोटीला चिखलात पाय किती रुततो, हे त्याला माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक. पण निबंध नावाच्या जागेत आपल्याला ठाऊक असलेलं काही चालत नाही, अशी त्याची पक्की समजूत झालेली. ती गठ्ठ्याने करून दिली, यात मला शंका नाही. तुकोबांची वृक्षवल्ली पर्यावरणाच्या प्रत्येक निबंधाच्या दारात उभी करायची, पावसाच्या निबंधात मोर नाचवायचाच. ठाण्याची पोरं वंदना टॉकीजजवळ गुडघाभर पाण्यातून घरी जातात आणि परीक्षेत पेरणीला लागलेल्या शेतकऱ्याचा आनंद लिहितात.

तर मग सरांचं बरोबर? अ तुकडीतल्या, नमुना न बघितलेल्या एका मुलाची संपूर्ण खाडी अशी:

"मी खाडी आहे. मी ठाण्यात आहे. माझ्यात लोक कचरा टाकतात. प्लॅस्टिक टाकतात. निर्माल्य टाकतात. मला वास येतो. पूर्वी मी स्वच्छ होते. कृपया माझ्यात कचरा टाकू नका."

"निदान खरं तरी आहे," सर म्हणाले. खरं आहे, वादच नाही. पण आठव्या वाक्याला मुलाची दमछाक झाली आहे. 'पूर्वी मी स्वच्छ होते' या वाक्यातून एक अख्खा परिच्छेद निघू शकतो, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. 'पूर्वी' म्हणजे कधी, तेव्हा काठावर कोण होतं, होड्या कुठे लागत, हे स्वतःलाच विचारायचं असतं, हेही नाही. सरांनी नमुना काढून घेतला आणि त्याच्या जागी काही ठेवलं नाही. "मनातलं लिहा" ही सूचना ज्याला लिहिता येतं त्यालाच उपयोगी पडते. या मुलाला ८ पैकी ३ मिळाले होते. पुढच्या वेळी काय वेगळं करायचं, हे त्याला त्या ३ वरून कळण्यासारखं नव्हतं.

अ तुकडीत एक अपवाद होता. कोपरीच्या एका मुलीने सुरुवात केली होती: "समुद्राला मान आहे, नदीला आरती आहे, मला फक्त पूल आहेत. सगळे माझ्यावरून जातात, माझ्याकडे कोणी येत नाही." पुढे शुद्धलेखनाची बोंब होती, परिच्छेद नव्हते, शेवट मध्येच तुटला होता. तिला ५ मिळाले होते. म्हणजे गोड्या पाण्याच्या खाडीइतकेच. या मुलीकडे नंतर यायचं आहे.

बाहेरच्यांनी काय पाहिलं आहे

दोघांशी बोलताना संशोधनाचा विषय निघाला, कारण सरांना तो काढायचाच होता. नमुने दिल्याने शिक्षण मरतं, असं कुणीतरी सिद्ध केलं असेल अशी त्यांची अपेक्षा होती. तसं काही नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५मध्ये बीजगणितावर दाखवलं की नवशिक्याला सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर तो नुसती उदाहरणं सोडवत बसणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो. डोक्याची ताकद मर्यादित असते. उत्तराकडे चाचपडत जाण्यातच ती संपली, तर पद्धत ध्यानात यायला काही उरत नाही. अ तुकडीतल्या आठ वाक्यांच्या मुलाचं हेच झालं होतं. बाई खूश झाल्या.

पण स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अनेक प्रयोग एकत्र करून मोजदाद केली, तेव्हा नमुन्यांच्या अभ्यासाचा परिणाम निघाला ०.२५ (या मापात ०.२च्या आसपास म्हणजे लहान परिणाम, ०.८ म्हणजे मोठा). परिणाम आहे, पण बेताचा. लेखनाचं नियोजन कसं करायचं आणि लिहिलेलं कसं सुधारायचं हे पायरीपायरीने शिकवण्याचा परिणाम ०.८२ आणि मुलांनी एकमेकांच्या मदतीने लिहिण्याचा ०.७५. म्हणजे बाईंनी ज्या गोष्टीवर सगळी भिस्त ठेवली होती ती यादीत बरीच खाली आहे. शिवाय त्या आकड्यातला 'अभ्यास' म्हणजे नमुना उलगडून बघणं आणि त्यातली रीत आपल्या लेखनात वापरणं. घोकंपट्टी त्यात धरलेलीच नाही.

सर एकदा चिडून म्हणाले, "चिपळूणकरांना कोणी गठ्ठा दिला होता?" खरं तर दिला होता. १८७४मध्ये निबंधमाला सुरू करणारे विष्णुशास्त्री जॉन्सन, मेकॉले यांसारख्या इंग्रज निबंधकारांवर पोसलेले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मात्र त्यांनी एक निबंध पाठ केला नव्हता. अनेक वाचले होते, त्यांच्याशी भांडले होते आणि मग स्वतःच्या विषयांवर स्वतःच्या भाषेत लिहिलं होतं.

मला या प्रकरणात सगळ्यात कामाचं वाटलं ते ऑस्ट्रेलियातलं. सिडनीत १९८०च्या दशकात, गरीब वस्त्यांमधल्या शाळांसाठी भाषाशास्त्रज्ञ आणि शिक्षक यांनी मिळून एक रीत बसवली. आधी नमुना उलगडायचा, मग शिक्षक आणि वर्ग यांनी मिळून फळ्यावर तसाच एक लेख नव्या विषयावर लिहायचा, आणि तिसऱ्या खेपेला मुलाने एकट्याने लिहायचं. आपल्याकडे बाईंकडे पहिली पायरी होती, सरांकडे तिसरी. मधली दोघांकडेही नव्हती. खरं सांगायचं तर आपल्या बहुतेक शाळांत ती नसते. शिक्षक फळ्यावर निबंधाचे मुद्दे लिहितात, निबंध लिहीत नाहीत. लेखन चालू असताना ते कसं दिसतं, खोडाखोड कशी होते, वाक्य कुठे अडतं, हे मुलांना बघायलाच मिळत नाही. त्यांना दिसतो तो छापून आलेला, इस्त्री केलेला निबंध.

फळ्यावर

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन्ही तुकड्यांत एकच गोष्ट करायची ठरली. नमुना बंद नाही. पण आधी मुलांनी स्वतः कच्चं लिहायचं, नमुना त्यानंतर. नमुना एकटा द्यायचा नाही, दोन द्यायचे, एक खरोखर चांगला आणि एक नुसता गुळगुळीत, आणि कुठला का बरा हे मुलांनी भांडून ठरवायचं. ऑस्ट्रेलियातल्याच रॉइस सॅडलर यांनी १९८९मध्ये मांडलेला मुद्दा यामागे होता: चांगलं काम कसं असतं याची जाण मुलाला स्वतःला असावी लागते, आपलं काम त्याच्याशी ताडून बघता यावं लागतं, आणि मधलं अंतर कसं कापायचं हे समजावं लागतं. शेवटची अट, नमुना ज्या विषयाचा त्या विषयावर लिहायचं नाही.

बाईंनी पहिला तास घेतला आणि विषय तोच धरला, खाडीचा. त्यांनी आधी गठ्ठ्यातली नदी वाचायला घेतली. नदीच्या निबंधात पहिल्या परिच्छेदात काय केलंय? "जन्म," वर्ग म्हणाला. बाईंनी खडू उचलला. "चला, खाडीचा जन्म लिहू."

कोळीवाड्यातला तो मुलगा खिडकीकडच्या रांगेतून म्हणाला, "बाई, खाडीला उगम नसतो."

"मग काय असतं?"

"पानी दोन टाइम येतं नि दोन टाइम जातं. भरतीला कळव्याच्या पुलाखाली वर चढतं, ओहोटीला नुसता चिखल. मग मानसं चिखलात उतरतात."

"कशाला उतरतात?" बाई अंबरनाथच्या. त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

"निवट्या धरायला. आता कमी मिळतात."

वर्ग हसला, कारण निवट्या हा शब्द निबंधाच्या तासाला कुणी ऐकला नव्हता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलेलं 'माझा जन्म' पुसलं आणि विचारलं, "जन्म नसेल तर सुरुवात कशाने करायची?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "एक भरती नि एक ओहोटी लिहूया. दिवस लिहूया तिचा." बाईंनी लिहिलं: 'खाडी दिवसातून दोनदा ठाण्यात येते.' कोणीतरी म्हणालं, आत्मकथन आहे, मग 'मी' हवं. खोडलं. 'मी दिवसातून दोनदा ठाण्यात येते आणि दोनदा परत जाते.' पुढचं वाक्य पंधरा मिनिटं अडलं. 'परत जाताना' काय नेते, यावर वाद. एकाला कचरा हवा होता, एकीला रोहित पक्ष्यांची पिसं. शेवटी दोन्ही राहिले, कचरा आधी.

तासाला पूर्ण निबंध झाला नाही, दीड परिच्छेद झाला. बाई शिक्षककक्षात येऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय, मुलांसमोर मी कधी वाक्य खोडलं नव्हतं." सरांनी त्यांच्या तुकडीत हाच तास घेतला तेव्हा त्यांची अडचण उलटी झाली. मुलं काही म्हणायच्या आत ते स्वतःच सुंदर वाक्य सुचवायचे. दोन-तीन तास गेल्यावर त्यांनी खडू मुलांच्या हातात दिला.

या सगळ्याला वेळ लागतो, हे सांगायलाच हवं. पन्नासच्या वर मुलं, अभ्यासक्रम संपवायचा, त्यात शिक्षकांना निवडणुकीची नि कसली कसली कामं. गठ्ठा वाटायला पाच मिनिटं लागतात आणि तो इतकी वर्षं टिकला त्यामागे हेही कारण आहे. कच्चे लेख सगळे तपासणं अशक्यच होतं. म्हणून मुलांनी जोडीने एकमेकांचे वाचायचे आणि फक्त एकच प्रश्न विचारायचा: "हे तू बघितलंयस का?" हा प्रश्न बाईंनी काढला. सुरुवातीला मुलं तो एकमेकांवर फेकून मारत होती.

पूर्वपरीक्षेत काय झालं

जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत विषय दिला: 'मी स्टेशनवरचा पादचारी पूल बोलतोय.' या विषयावर वर्गात नमुना दाखवलेला नव्हता.

मधल्या फळीतल्या मुलांचा फायदा उघड होता. आठ वाक्यांच्या मुलाने दोन पानं लिहिली. पुलावरचा भेळवाला, घाईत निसटलेली चप्पल, पावसात गळणारं छप्पर असं एकेक पकडून तो पुढे गेला आणि प्रत्येकाशी थोडा थांबला. थांबायचं कसं, हे त्याने फळ्यावर बघितलं होतं. कोळीवाड्यातल्या मुलाचा पूल मात्र साधारणच निघाला. त्याला पुलाबद्दल खाडीइतकं सांगायचं नव्हतं. पण त्याच्या पुलाचा जन्म डोंगराच्या कुशीत झाला नाही, एवढं खरं.

एक गंमतही झाली. ब तुकडीतल्या बऱ्याच उत्तरपत्रिका 'दिवसातून दोनदा'ने सुरू झाल्या. फळ्यावर सगळ्यांनी मिळून घडवलेलं वाक्य हाच नवा गठ्ठा झाला! काहींनी ते नुसतं चिकटवलं होतं. पुलावर दिवसातून दोनदा काय होतं याचा पत्ता नाही, वाक्य मात्र हजर. पण एका मुलीने लिहिलं होतं: "दिवसातून दोनदा ठाणे माझ्या अंगावरून जाते. सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी घराकडे. सकाळी पायांना घाई असते, संध्याकाळी ओझे असते." सर म्हणाले, हीही नक्कलच. मला तसं वाटत नाही. तिने भरती-ओहोटीचा साचा उचलला आणि त्यात माणसं भरली. साचा कशासाठी आहे हे कळल्याशिवाय हे जमत नाही. एकच वाक्य दोघांनी उचललं, एकाने बुद्धी न लावता आणि एकीने लावून. उत्तरपत्रिकेत हा फरक दिसतो, फक्त तो बघायला परीक्षकाने दुसऱ्या वाक्यापर्यंत जायला हवं.

आता कोपरीची मुलगी. पूर्वपरीक्षेत तिला ८ पैकी ७ मिळाले. शुद्धलेखन सुधारलं होतं, चार नीट परिच्छेद होते, शेवट व्यवस्थित बांधलेला होता. सरांनी तिची आधीची खाडी आणि आत्ताचा पूल माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि काही बोलले नाहीत. पुलाची सुरुवात होती: "मी एक पादचारी पूल. रोज हजारो लोक माझ्यावरून ये-जा करतात. मी सर्वांची सेवा करतो." हे कोणीही लिहिलं असतं. 'मला फक्त पूल आहेत' लिहिणारी मुलगी यात कुठेच नव्हती.

गुण वाढले आणि लेखन घसरलं. या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, आणि तिचाही अंदाज आधी आलेला आहे. स्लावा कल्युगा, स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३मध्ये दाखवून दिलं होतं की नवशिक्याला जी मदत उचलून धरते तीच, पुढे गेलेल्याला आडवी येते. त्याच्याकडे स्वतःची वाट असते आणि मदतीची वाट तिच्यावर चढते. आम्ही दोन्ही तुकड्यांत सर्वांना एकच पद्धत लावली होती. तिला परिच्छेद आणि शेवट एवढ्याच दोन गोष्टींची गरज होती, आणि त्या तिला तिच्याच खाडीवर काम करून देता आल्या असत्या. त्याऐवजी तिने इतरांबरोबर सहा-सात नमुने उलगडले आणि शाळेला काय आवडतं ते बरोबर हेरलं. मी तिच्याशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "आधीचं मला आवडलेलं. पण हे बरोबर आहे ना?" तिच्या हातात ७ गुणांची उत्तरपत्रिका असताना मी काय सांगणार होते?

नमुना निबंधांनी खरं शिक्षण मारलं जातं का, या मूळ प्रश्नावर या दोन तुकड्यांपुरतं माझं मत असं झालं: नमुना आधी दिला, एकच दिला, त्याच विषयाचा दिला आणि त्याच्याशी काही केलं नाही, तर मुलाला डोळ्यांसमोरचं दिसेनासं होतं. खाडी गोडी होते. तोच नमुना कच्च्या लेखनानंतर आला आणि मध्ये फळ्यावरचं लेखन झालं, तर ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत त्यांना त्याच्याशिवाय दुसरी शिडी नाही. ज्यांना शिडीची गरज नाही त्यांना मात्र त्यातून सूट द्यावी लागते, आणि आठ गुणांची परीक्षा ती सूट देऊ देत नाही. मी तपासणाऱ्यांच्या बाजूनेही बोलू शकते, त्यांच्यावर किती ओझं असतं ते मला ठाऊक आहे. तरीही गोड्या पाण्याच्या खाडीला आणि 'नदीला आरती आहे' या खाडीला सारखेच गुण पडत असतील, तर गठ्ठा वाटणाऱ्या बाईंना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

शाळेने पुढच्या वर्षासाठी ठरवलं ते असं. गठ्ठा राहील, पण जूनमध्ये वाटला जाणार नाही. वर्गात त्या प्रकारचं एक लेखन झालं की त्या प्रकारचे दोन नमुने बाहेर येतील, आणि ते दोन्ही तुकड्यांना एकाच दिवशी मिळतील. पालकसभेतल्या त्या आईचं एवढ्याने समाधान झालं. शाळेच्या परीक्षांत निबंधाचे ८ पैकी २ गुण स्वतः पाहिलेल्या तपशिलाला ठेवायचं सरांनी सुचवलं. बाईंना ते पटलं, पण बोर्डाच्या परीक्षेत असं काही नसताना मुलांना दोन वेगळे हिशेब शिकवायचे का, यावर मुख्याध्यापिका अडल्या आहेत. तो मुद्दा जूनच्या बैठकीत आहे. कोपरीच्या मुलीला सरांनी बोर्डाच्या परीक्षेआधी खाडीचा तो तुटलेला निबंध परत दिला, नुसता शेवट लिहून आण म्हणून. तिने तो अजून आणून दिलेला नाही.